गळालेल्या केसांचं गंगावन

यिनहुआ रोज सकाळी, चूल पेटवण्याआधी, खिडकीशी बसून केस विंचरायची. विंचरून झालं की फणीच्या दातांत अडकलेले, मांडीवर पडलेले, लाकडी फळ्यांच्या फटींत गेलेले केस एकेक करून वेचायची. मग ते बोटाभोवती गुंडाळून वेताच्या डबीत ठेवायची. त्या डोंगरातल्या लाल याओ जमातीच्या गावात कुणी केस टाकत नाही. बाईच्या डोक्यावर तीन पेड असतात. एक वाढता, एक अठराव्या वर्षी सगळ्यांसमोर कापलेला, आणि तिसरं जन्मभर गळत गेलेल्या केसांचं गंगावन. तिन्ही एकत्र गुंडाळून त्यावर काळं फडकं बांधायचं. मूल झालं की त्याच केसांचा कपाळावर अंबाडा येतो. तोवर डोकं ताटासारखं सपाट.

यिनहुआच्या लग्नाला चार वर्षं झाली होती आणि तिचं डोकं अजून सपाटच होतं.

पूर्वी वेताची डबी भरायला वर्ष जायचं. आता भातलावणीला रिकामी केलेली डबी कापणीच्या आतच भरू लागली. आधी तिनं ते मनावर घेतलं नाही. मग एकदा फोन डोक्यावर उलटा धरून फोटो काढला आणि किती तरी वेळ तो दुसऱ्याच कुणाचा असावा तसा बघत राहिली. पावसात पाटाचे काठ दोन्ही बाजूंनी खचत जावेत तसा भांग रुंद झाला होता. मधली कातडी पांढुरकी, ओलसर दिसत होती. तिनं फोटो पुसून टाकला, पण फडकं बांधताना बोटांना ती जागा आता डोळ्यांशिवायही सापडू लागली.

लग्न झालं तेव्हा ती नदीकाठी गाव बघायला येणाऱ्या पर्यटकांसमोर केस सोडून उभ्या राहणाऱ्या बायकांत पहिल्या रांगेत असायची. आता तिनं मागच्या आवारात त्यांच्यासाठी बांबूच्या नळ्यांत भात भाजायचं काम मागून घेतलं. "धुरानं डोळे जातील तुझे," असं थोरली जाऊ चुनलान म्हणाली तेव्हा यिनहुआ नुसती हसली. धूर बरा. धुरात कुणी फार वेळ थांबत नाही.

आणि मग तिनं ती चूक केली. केस कमी दिसू नयेत म्हणून गळालेल्या सगळ्या केसांचं गंगावन जाडजूड वळलं, कापलेला पेड त्याच्याभोवती पिळला आणि फडकं इतकं करकचून बांधलं की संध्याकाळपर्यंत भुवया ओढल्या जायच्या. जितके केस जास्त गळत, तितकं डोकं भरदार दिसे.

"काय गं, डोक्यावर भोपळा ठेवलायस का?" चुनलान म्हणायची. "तुझं तर मूल नाही, बाळ नाही, सगळं रक्त केसांतच जातंय. आम्हाला दे की थोडे."

"घ्या ना ताई, उद्या विंचरले की डबीच आणून देते," यिनहुआ म्हणायची, आणि फडकं ओढून आणखी घट्ट करायची.

सासू तांदळाचं धुवण आंबवून, त्यात पोमेलोची साल आणि आलं घालून उकळायची. तिच्या हातच्या त्या पाण्याला गावात नाव होतं. यिनहुआ ते दुप्पट वापरू लागली. सासू खूश झाली. "माझ्या धाकटीला कळतं," ती शेजारणीला सांगायची. ते ऐकलं की यिनहुआ मनात दिवस मोजू लागायची.

कारण सहाव्या महिन्याचा सहावा दिवस जवळ येत होता. त्या दिवशी पेट्यांतले कपडे उन्हात घालतात आणि सगळ्या बायका नदीवर केस धुतात. त्यांच्या घरात त्या दिवशी सासू सुनांचे केस स्वतःच्या हातानं विंचरायची. मागच्या वर्षी यिनहुआनं तापाचं सोंग घेतलं होतं. तेच दुखणं दोन वर्षं एकाच दिवशी येत नाही, हे तिलाही कळत होतं.

रबरी बूट आणायचे असं घरी सांगून ती गुइलिन शहरात गेली आणि इस्पितळाच्या रांगेत बसली. डॉक्टरीणबाई तिच्याहून फार मोठी नव्हती.

"पाळी नियमित येते?"

यिनहुआला वाटलं, हिनं दुसऱ्याच कुणाचा कागद हातात घेतलाय. "मी केसांसाठी आलेय."

"कळलं मला. पाळी?"

"येते कधीतरी. दोन महिन्यांनी. कधी तीन."

"हनुवटीवर केस येतात?"

तिचा हात आपोआप हनुवटीकडे गेला. चिमट्यानं ते केस ती सगळे उठायच्या आत उपटायची. ते मात्र डबीत ठेवत नव्हती, चुलीत टाकायची.

रक्त तपासलं, पोटावरून यंत्र फिरवलं. डॉक्टरीणबाईनं पडद्यावर अंडाशयातले काळे ठिपके दाखवले. "याला पीसीओएस म्हणतात. पुष्कळ बायकांना असतो. शरीरात पुरुषांचं संप्रेरक जास्त होतं, त्यानं पाळी चुकते, नको तिथे केस येतात आणि डोक्यावरचे जातात. यानं मरत नाही कुणी, पण अंगावर काढायचा नाही."

"औषध?"

"केसांसाठी गोळी आहे. फरक दिसायला सहा महिने तरी जातात. पण ती चालू असताना दिवस राहता कामा नयेत, पोटातल्या बाळाला बाधते."

"आणि मूल हवं असेल तर?"

"तर आधी त्याचे उपचार करू. केसांची गोळी तोवर थांबेल. चालणं वाढवा, भात कमी करा, पाळी रुळावर आली तर गळणंही थोडं कमी होईल. पण पहिल्यासारखे येतील असं खोटं सांगणार नाही मी." तिनं फडक्याकडे बोट केलं. "हे सोडा बघू."

दोन्ही सुटे पेड टेबलावर आले तेव्हा डॉक्टरीणबाईनं गंगावन हातात तोलून पाहिलं. "हे ओझं रोज डोक्यावर? आधीच मुळं नाजूक, त्यात तुम्ही ती ओढून काढताय. पहिलं हे उतरवा."

"हे उतरवलं तर उरेल ते दिसेल," यिनहुआ म्हणाली.

परतताना बसमध्ये गोळ्यांची चिठ्ठी तिनं नव्या बुटात, अगदी टाचेपर्यंत कोंबली. काचेवर डोकं टेकवायचीही भीती वाटत होती.

नवरा, फूशेंग, ग्वांगडोंगला बांधकामावर होता. त्या संध्याकाळी त्याचा फोन आला. मागे काँक्रीट मिक्सरची घरघर चालू होती.

"समज," ती म्हणाली, "तुला विचारलं, बायकोचे केस हवेत की मूल, तर?"

"हे काय भाजीवालीसारखं विचारतेस?" तो हसला. "दोन्ही घे. वर कांद्याची पात फुकट मागून घे."

तीही हसली. लग्नाच्या रात्री त्यानं तिचे केस दोन्ही हातांत धरले होते, भरलेली घागर धरावी तसे. तिनं जेवलास का, एवढंच विचारलं.

सहाव्याचा सहावा उजाडला तो कडक उन्हाचा. नदीकाठी बायका ओळीनं बसल्या, पलीकडच्या पुलावर कॅमेरेवाले दाटले. चुनलानचं विंचरून झालं आणि ती टब आणायला वर गेली. सासूनं गुडघ्यावर थाप मारली. "ये गं, तू बस."

यिनहुआ बसली. पाणी घोट्यांना लागत होतं. सासूनं फडकं सोडलं. कापलेला पेड काढून ठेवला. मग गंगावन. ते हातात घेऊन ती म्हणाली, "बाई गं, केवढं हे!" आणि फणी लावायला वाकली.

फणी केसांजवळ येऊन तशीच थांबली.

यिनहुआनं डोळे मिटले. मागे सासूचा श्वास ऐकू येत होता. आता ती ओरडेल. आता चुनलानला हाक मारेल. गावात म्हणतील, केस गेले त्या घराची बरकत गेली, आणि मूल का नाही तेही आता कळलं.

"खरं सांग पोरी," सासू कानाशी म्हणाली. "डॉक्टरांनी किती दिवस सांगितलेत?"

"काय?"

"माझ्या थोरल्या बहिणीचे असेच गेले होते. भातकापणीला ती नव्हती." सासूची बोटं तिच्या खांद्यात रुतली. "तू बुटांसाठी गेलीस तेव्हाच मला वाटलं होतं. बूट इथे बाजारात मिळतात की."

"मी मरत नाही, आई. तसलं काही नाही." पाण्याकडे बघत, ओठ फारसे न हलवता तिनं सगळं सांगितलं. ठिपके, पाळी, गोळी. "गोळी घेतली तर तोवर मूल नाही. मुलाचं बघितलं तर केस असेच जातील. आणि ते लगेच होईल असंही नाही."

वरून पायऱ्यांवर टबचा आवाज आला.

"झालं का? कॅमेरेवाले खोळंबलेत, धाकटीचं जंगल बघायला," चुनलान ओरडली.

सासू झटकन पुलाकडे पाठ करून उभी राहिली आणि आपला झगा पसरून तिनं यिनहुआचं डोकं पोटाशी धरलं. "जवळ येऊ नकोस! उवा सापडल्यात हिच्या डोक्यात."

"अगंबाई!" चुनलान दोन पायऱ्या मागे सरली. "आणि मी काल हिच्या उशीवर लोळले!"

"मग जा, धू जा तुझं पुन्हा. वरच्या वळणाला जा."

ती गेली. सासूनं गंगावन उचलून ओल्या कपड्यांच्या टोपलीत तळाशी ढकललं. "कुठलं औषध आधी घ्यायचं ते मला विचारू नकोस," ती म्हणाली. "मला दोन्हीची भीती वाटते. फूशेंगला फोन लाव आणि आज सांग. मी बाजूला बसेन."

यिनहुआनं मान हलवली. सासूनं कापलेला पेड तेवढा परत गुंडाळून फडकं भोवती घेतलं. फडकं पूर्वीइतकंच लांब होतं, आत मात्र पूर्वीच्या निम्मंच उरलं होतं. पहिला वेढा घसरला, तिनं तो पुन्हा घेतला. पुलावर अजून लोक होते. संध्याकाळी चुनलान जेवायला समोर बसणार होती, आणि डोकं निम्म्यानं लहान झालेलं कुणालाही दिसलं असतं. उवांवर ते किती दिवस भागणार, ते दोघींनाही माहीत नव्हतं.

सासूनं सवयीनं टोक खेचलं.

"आई, उजवीकडे जरा सैल सोडा," यिनहुआ म्हणाली. "कान दुमडतोय."