दुसरी चावी कुठाय?

माझी गाडी जिथं उभी होती, त्या जागी काचेचा एक तुकडाही पडलेला नव्हता. पुढं कित्येक दिवस मला छळलं ते त्या न फुटलेल्या काचेनं. काच फुटली असती तर चोर हरामखोर ठरला असता. फुटली नाही म्हणून मी वेंधळी ठरले.

नगर रोडवरच्या एका मंगल कार्यालयात नवऱ्याच्या चुलतभावाचं लग्न होतं. पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावाहून नवरा, सासरे आणि सासूबाई अशा तिघांना घेऊन मीच गाडी चालवत आले होते. जेवणं उरकून मागच्या मैदानात आलो तर गाडी नाही. नवऱ्यानं आधी गाडी शोधली नाही, आधी माझ्याकडं बघितलं. म्हणाला, "लॉक केल्ती का?"

केली होती! लॉकचं बटण दाबल्यावर दिवे लुकलुकले तरी मी चारही दारं ओढून बघते. गर्दीच्या ठिकाणी चोर जवळ उभं राहून खिशातल्या यंत्रानं रिमोट चालूच देत नाहीत आणि दार उघडं राहतं, हे मी कुठंतरी वाचलं होतं. शिवाय स्टेअरिंगला आडवा लोखंडी दांडा लावून त्याला वेगळं कुलूप घालत होते. त्यावरून गावात माझी यथेच्छ टिंगल झालेली. "गाडी लावती का म्हैस बांधती, वहिनी?" असं एका दिरानं चारचौघांत विचारलं होतं. तेच दीर आता म्हणत होते की वहिनी दांडा लावायला विसरल्या.

पोलीस चौकीतले हवालदार माणूस म्हणून बरे होते, बोलायची हौस असलेले. काचेच्या रबरातून पट्टी घालून दार कसं उघडतात, धुवायला दिलेल्या गाडीच्या चावीची नक्कल कशी होते, सगळं त्यांनी रंगवून सांगितलं. मग म्हणाले, "पन ताई, भर लग्नात लोखंडी दांडा कापायचा म्हंजी आवाज व्हनार. काच बी फुटली न्हाई. तुमचंच कायतरी ऱ्हायलं असंल." मी पर्समधली चावी काढून त्यांच्या टेबलावर आपटली. त्यांनी ती शांतपणे माझ्याकडं परत सरकवली.

घरी त्याच रात्री निकाल लागला. नवरा म्हणाला, "बाईच्या हातात गाडी दिली की असंच हुतं. आता एसटीनं जा, न्हाईतर नोकरी सोड." मी नगरच्या एका दवाखान्यात लॅबमध्ये काम करते. दुपारची पाळी सुटते तेव्हा आमच्या गावाकडं जाणारी शेवटची एसटी गेलेली असते. म्हणजे गाडी नाही तर नोकरी नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. सासऱ्यांनी, त्यांना मी मामा म्हणते, 'बरोबर' म्हणून नुसती मान हलवली. ती हलणारी मान आठवली की आजही माझं डोकं फिरतं.

त्यानंतर मी ओळखीच्यांच्या मोटारसायकलवर मागं बसून, कधी दुधाच्या टेम्पोत पुढं अंग चोरून बसून घरी परतत होते. उशीर झाला की नवरा दारात उभा असायचा. थोबाड असं करायचा की वाटे, एकदा राजीनामा याच्याच तोंडावर फेकावा.

मग एके दिवशी विमा कंपनीचा माणूस चौकशीला घरी आला. चहा झाला, फोटो झाले. तो म्हणाला, "दोन्ही चाव्या द्या. त्याशिवाय क्लेम पुढं जात नाही."

मी माझी चावी ठेवली. दुसरी मामांकडं होती. गाडी आली त्याच दिवशी, घरातल्या मोठ्या माणसाकडं असावी म्हणून मी ती त्यांच्या हातात दिली होती, दांड्याच्या कुलपाच्या जादा चावीसकट. तसं मी सांगितलं.

"माझ्याकडं?" मामा म्हणाले. "मला काय म्हाईत? हिच्याकडंच असंल. हरवली असंल हिनंच."

संतापानं मी उठून उभी राहिले. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून सासूबाईंचा आवाज आला.

"खोटं कशापायी बोलता? फुडच्या नंबरपलेटीमागं तारंनं बांधून ठेवल्यात्या तुमी दोनी चाव्या. लग्नात माईकवर गाडीचा नंबर पुकारला, कुनाची तरी गाडी अडकली म्हनून. तवा जाग्यावरनं उठला सुदीक न्हाई. वरडून सांगितलं, चावी नंबरपलेटीमागं हाय, घ्या हलवून. सारा मांडव ऐकत हुता."

मी तेव्हा ओटीचं सामान घेऊन नवरीच्या खोलीत होते. नवरा वरातीत नाचत होता. म्हणजे मी चार दारं ओढून, दांडा अडकवून, कुलूप घालून गेले होते आणि या गृहस्थांनी सगळ्या चाव्या एका तारेत ओवून पत्ता जाहीर केला होता. चोराला पट्टी लागली नाही, करवत लागली नाही. फक्त कान लागले.

"लोकांची अडचन नको म्हनून केलं," मामा म्हणाले. "त्यात काय पाप केलं?"

चावी गाडीवरच ठेवली होती म्हणून क्लेम नामंजूर झाला. सासूबाई आणि ऐकणारा तो सारा मांडव इतके दिवस गप्प का बसला, याचाही मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही. पण खरा राग पुढंच आहे. माझी कुणी माफी मागितली नाही, नवऱ्यानंही नाही. आणि गावात आता काय सांगतात? "म्हाताऱ्याचं मन लई मोठं, म्हनून गाडी गेली." तीच गाडी, तीच चोरी. माझ्या हातून गेली असं वाटत होतं तोवर तो निष्काळजीपणा होता. त्यांच्या हातून गेल्यावर ते मोठं मन झालं!

पुढं मी भांडून, जुनी का होईना, दुसरी गाडी घेतली. नोकरी सोडली नाही. दोन्ही चाव्या माझ्याकडं असतात.

परवा पुन्हा एका लग्नात आम्ही पंगतीला बसलो होतो. माईकवर माझ्या गाडीचा नंबर पुकारला. समोरच्या ओळीतून मामांनी सवयीनं हात पुढं केला. "आन चावी. मी देतो कुनाला तरी."

"नाही देणार," मी म्हणाले, आणि आजूबाजूच्या दहा पानांवरचे हात थांबले. कुणीतरी हसलं. नवरा खाली बघून भात कालवत राहिला.

मी उष्ट्या हातानं उठले. शेजारी बसलेल्या सासूबाईंनी माझं पान आपल्याकडं ओढून घेतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "जा तू. आन दारं वढून बघ चारी."