तुमसरच्या भोजनालयातलं चौथं ताट

भुताखेतांच्या गप्पा रंगल्या की मी चहाचा कप घेऊन उठून जाणारा माणूस. अंगात येणाऱ्या एका काकूंना "आधी बीपी तपासा" असं तोंडावर सांगून नातेवाइकांत नावडता झालोय. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंसं होतंय... पण चाळीसच्या वर वर्षं झाली, ते ताट डोक्यातून जात नाही.

आम्ही आंधळगावचे. एकोणऐंशीचा उन्हाळा. माझी बहीण कुसुम - तिची सोयरीक दोनदा जुळता जुळता मोडली होती. आता सिहोऱ्याचं स्थळ आलं होतं. हेही गेलं तर पुढे कोण विचारणार, या काळजीनं मायची झोप उडाली होती. बोलणी करायला निघालो बाबा, मामा आणि मी. म्हणजे तीन तिगाडा, काम बिगाडा! आमच्याकडे अशा वेळी चौथा सोबती म्हणून एक खडा खिशात घेतात. मायनं दहादा बजावूनही बाबा विसरले. गावाबाहेर आल्यावर मामांनी आठवण करून दिली, तेव्हा बाबांनी आमच्याच धानाच्या बांधीच्या धुऱ्यावरून, म्हणजे भातशेताच्या बांधावरून, एक खडा उचलून खिशात टाकला.

त्याच धुऱ्याजवळ दोन वर्षांपूर्वी माझ्या मोठ्या भावाला, दादाला, अग्नी दिला होता. भाताच्या रोवणीच्या दिवसांत त्याला साप चावला होता. "कुसुमचा नवरा मीच पाहीन," असं सारखं म्हणायचा. पण खडा उचलताना हे कुणाच्याच मनात आलं नाही... खरंच नाही.

बोलणी ठरेपर्यंत मुलाकडे जेवायचं नाही, हा बाबांचा नेम. म्हणून तुमसरला बस बदलताना स्टँडजवळच्या एका भोजनालयात शिरलो. मालकानं टेबलावर तीन ताटं मांडली आणि तिथं जागा नाही म्हणून चौथं आमच्या पाठीमागच्या बाकावर.

"आमी तिघंच आहो जी," बाबा म्हणाले.

"चौघं तं उतरले बसमधून. तो हात धुवाले गेला मांगं," म्हणत मालक चुलीकडे गेलासुद्धा.

आम्ही तिकडे लक्ष दिलं नाही, कारण समोरच्या जेवणानं डोकं फिरलं होतं. वरण म्हणजे नुसतं हळदीचं पाणी. भाजी करपलेली. आणि भात कच्चा! तुमसर म्हणजे तांदळाची एवढी मोठी बाजारपेठ, आणि तिथं कच्चा भात? मामा पेटलेच - "येच्यापेक्षा आमी बैलाले बरं टाकतो!" मला पुढची बस चुकायची धास्ती. सारखा दाराकडे बघत कसेबसे घास गिळले.

उठलो, तर मालकच आमच्यावर उखडला.

"तुमच्या पोरानं सारं अन्न टाकलं न! दोन घास खाल्ले अन् उठून गेला. अन् डाव्या हातानं काहून जेवते तो?"

वळून पाहिलं. मागच्या ताटात वरण-भात कालवलेला... डावीकडून जरासा उकरलेला. बाकावर कुणी नव्हतं.

दादा डावखुरा होता. लहानपणी ताटावरच बाबांनी त्याचा तो हात कितीदा झोडला होता.

मामा म्हणाले, "भाऊजी, वापस चला. आज बोलनी नोको."

बाबांनी खड्याच्या खिशावर हात ठेवला. मग म्हणाले, "तो बहिणीसाठी एवढ्या दूर आला, अन् मी वापस कायले जाऊ?"

सिहोऱ्यापर्यंत मी मान वळवून वळवून मागच्या सीटकडे बघत होतो. भीतीनं की आशेनं, देव जाणे. सोयरीक जमली. कुसुम आज आजी झाली आहे.

घरी आल्यावर मायला भोजनालयातलं सगळं सांगितलं. मुलगा कसा, शेती किती, तिनं काहीच विचारलं नाही. एकच विचारलं, "पोटभर जेवला काय तो?"



माझं मन म्हणतं, दुसराच कुणी डावखुरा प्रवासी मांडलेलं ताट पाहून बसला असेल. असेलही! पण मग आमच्यासोबत उतरताना मालकानं कुणाला पाहिलं? मायला मात्र असले प्रश्न कधी पडलेच नाहीत. त्या मालकावरचा तिचा राग शेवटपर्यंत गेला नाही. विषय निघाला की पदर डोळ्यांना लावून म्हणायची, "दोन वर्सानं जेवाले बसला माझा लेक... अन् त्या पाप्यानं त्याले कच्चा भात वाढला."