त्याला आजार, मला नाटक

"हिला खाली बसवा. गादी घाण होईल."

डॉक्टर हे मला न्हाई म्हणाला. माझ्यासंगट आलेल्या पोलीसबाईला म्हणाला. परभणीचा दवाखाना. मी भिंतीला टेकून उभी. हात असे कापायलेले की बेडी वाजायली.

मी ताडकळसकडली. ऊसतोडीला जायची. मोळ्या वाहून पाठ मोडली की नवराच घोटभर दारू द्यायचा. पुढं घोटाबिगर हात उठंना. एका साली मुकादमानं उसाच्या फडात अंगाला हात लावला. मी कोयत्याच्या मुठीनं त्याचं डोकं फोडलं. तो घरी गेला. मी जेलात.

जेलात दारू तुटली. उलट्या. घाम. भिंतीवर नसलेल्या मुंग्या दिसायल्या. मग झटका आला, जीभ दातात सापडली. पहाऱ्यावरची जमादारीण म्हणाली, "नाटकं करायलीय बेवडी."

दवाखान्यात आणलं, तर डॉक्टरनं लांबूनच विचारलं, "बाई असून पितेस?"

"व्हय."

तो पोलीसबाईकडं वळला. "आत मिळत नाही ना? मग आपोआप सुटेल. न्या हिला."

शेजारच्या खाटंवर एका बागायतदाराचं पोरगं होतं. तेबी जेलातनंच आणलेलं. पिऊन गाडी घातली, माणूस मेला. त्याची आईच पोलीसबाईला सांगायली, रडायली. पोराला सलाईन. उशाला नारळपाणी. डॉक्टरनं त्याचा हात हातात घेतला. "घाबरू नका. व्यसन हा आजार आहे. औषधानं उतरवू."

माझ्या डोक्यात जाळ झाला.

"चल," पोलीसबाईनं दंड ओढला.

मी फरशीवर बसले. "न्हाई येत."

"ऊठ म्हणते ना!"

"त्याला आजार, मला नाटक? दारू तर एकच हाय ना, सायेब? मला हात लावून तपासा. तवर उठत न्हाई."

लय मोठ्यानं वरडले. सगळा वार्ड बघायला लागला. एक नर्स आली, तिनं नाडी धरली. "सर, हिला परत झटका येईल."

तवा सुई मिळाली. खाट न्हाईच. चादर फरशीवर, बेडी खिडकीच्या गजाला.

मुकादमाची केस चालूच हाय. मी आतच हाय. डॉक्टर बदलला न्हाई, जमादारीणबी न्हाई. पण आता बराकीत कुणी नवी बाई दारू तुटून कापत आली की मी जेवणाचं ताट घेते आन् दारावर बडवते. बाकीच्या बायाबी बडवतात. जमादारीण आईबापावरून शिव्या देते.

देऊ दे. त्या नव्या बाईला दवाखान्यात नेईस्तोवर आमी थांबणार न्हाई.