कावीळ नाकारणारा जोडीदार

माझ्या खोलीतल्या जोडीदाराइतका खोटं बोलण्यात नालायक माणूस अख्ख्या महाड तालुक्यात दुसरा जन्मला नसेल. बिरवाडीत आम्ही दोघं एका खोलीत भाड्याने राहायचो आणि जवळच्या रसायनांच्या कारखान्यात कामाला जायचो. घरमालकीण कौतुकाने कालवण आणून द्यायची. "कसं झालंय रे?" मी "फक्कड" म्हणेपर्यंत हा "खारट हाय गो मावशी" म्हणून मोकळा, आणि वर दुसऱ्यांदा वाढून घ्यायचा! एका लग्नात नवरदेवाने सहज विचारलं, "कसा दिसतोय मी?" याने त्याला नीट न्याहाळलं आणि म्हणाला, "घाबरल्यासारखा."

त्याचं डोकं पूर्वी एकदा बिघडलं होतं. रत्नागिरीला इस्पितळात राहून आला होता. झोप मोडली की त्याला भिंतीतून माणसं बोलताना ऐकू यायची. म्हणून जुन्या सुपरवायझरने त्याला पॅकिंगमध्ये कायम दिवसपाळी दिली होती, तोंडी. काही वर्षं सुरळीत गेली. मग सुपरवायझर बदलला. नवा म्हणाला, "दर महिन्याला डॉक्टरचा दाखला आणा, नाहीतर रात्रपाळी करा."

महाडचे डॉक्टर भला माणूस. म्हणाले, "कावीळ लिहितो, जागरण वर्ज्य लिहितो. खरं लिहिलं तर घरी बसवतील तुला."

"पण कावीळ मला नाय झालेली. डोकं बिघडतं. तसंच लिहा."

मी टेबलाखालून त्याला पाय मारला.

"डॉक्टर, हा मला लाथ का मारतोय?"

डॉक्टरांनी खरं ते लिहिलं. मानसिक आजार, औषध चालू, दिवसपाळीत काम करू शकतो. नव्या साहेबांनी दाखल्यातले पहिले दोनच शब्द वाचले. कारखान्यात वेडा माणूस नको, म्हणाले.

तो वळकटी बांधताना मी चिडलो. "एक कावीळ घ्यायला काय जात होतं तुझं?"

"आनि दर महिन्याला डोळे पिवळे कुठून आनायचे?"

दोघंही हसलो. तो गेल्यावर मला जेवण गेलं नाही.

दिवाळीनंतर पोलादपूरच्या वरच्या अंगाला त्याच्या वाडीवर गेलो. तो गवताचे भारे बांधत होता. वाळला होता.

"झोप लागते?"

"लागते. हितं रात्रपाळी नाय."

त्याच्या आईने मला बाजूला घेतलं. "तिकडं मान्सं त्याला नावानं हाक मारायची रे. हितं येडा म्हनतात."

निघताना तो मला एसटीच्या थांब्यापर्यंत पोचवायला आला. "कारखान्यात माझी आठवन काढतात?"

"काढतात की. चांगला माणूस होता म्हणतात."

गाडी आली, मी चढलो, तेव्हा तो खिडकीशी येऊन हळूच म्हणाला, "होता कशाला म्हनतात? हाय ना अजून."