ओनीटा मावशीचे रानकांदे

मी जात्याच भित्री. वादळाचा भोंगा वाजला की तळघरात पहिली मी, साप दिसला की टेबलावर पहिली मी, आणि अवेळी फोन वाजला की पांघरुणात पहिली मी. ओनीटा मावशी म्हणायची, "रोविना, तुझ्या आईने तुला घाबरत घाबरतच जन्म दिला असणार." ती स्वतः कशालाच भीत नाही, असं आमच्या अख्ख्या टापूचं मत होतं. माझंही होतं.

मावशी एकाहत्तर वर्षांची. नवरा गेल्यावर तिने घराच्या वरच्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली. तिचा शहरातला मुलगा म्हणाला, "या खड्ड्यांच्या रस्त्याने तुझ्याकडे कोण मरायला येणार?" मावशीने फाटकावर पाटी लावली, वर इंग्रजीत आणि खाली आमच्या चेरोकी जमातीच्या अक्षरांत: ओनीटाचं घर, राहणं आणि न्याहारी. लोक आले, आणि वसंतात तर रांग लागली, ती मावशीच्या रानकांद्यांसाठी. कोवळे कांदे पातीसकट डुकराच्या चरबीत परतायचे, वर अंडी फोडायची, शेजारी घेवडा घातलेला मक्याचा पाव. ज्यांच्या पणज्या पोट भरायला इथून कॅलिफोर्नियाला गेल्या त्यांची पतवंडं विमानाने येऊन हे खातात, आणि काहीजण खाता खाता रडतात. मावशी त्यांना रडू द्यायची आणि आणखी वाढायची.

मी तिच्या बहिणीची मुलगी. अकरा वर्षं तिच्याकडे चादरी बदलते, खोल्या झाडते. आमच्यात मावशी म्हणजे आईच. तिला उलटून बोलायचं नाही, तिचं उणं काढायचं नाही. हे मी स्वतःची बाजू मांडायला सांगते आहे, कारण पुढे जे झालं त्यात माझाही वाटा आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात मावशीला मोठा ताप आला. त्यातून ती उठली, पण एका सकाळी मी दार उघडलं तर घरभर गॅसचा वास, आणि ही शेगडीपासून दोन हातांवर टोपली विणत बसलेली. मी बटण बंद केलं, खिडक्या सताड उघडल्या आणि म्हणाले, "आज उकडतंय, नाही?" बाहेर बर्फ पडत होता. मावशीने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "हो, उकडतंय खरं." बस्स, एवढंच. तिचं नाक गेलंय हे मला त्या दिवशी कळलं, आणि मी ते गिळून टाकलं.

आता रानकांद्याला नाक लागतं. ज्या मातीत तो उगवतो तिथेच त्याच्यासारखी दिसणारी दुसरी दोन झाडं उगवतात. एक कावळकांदा, तो फार तर पोट बिघडवतो. दुसऱ्याला आम्ही मरणकांदा म्हणतो, आणि त्याचं नाव जेवताना काढत नाही. पात तशीच, गड्डा तसाच. फरक फक्त वासाचा. चुरडून नाकाशी धर, कांद्याचा वास आला तर घे, नाही आला तर फेक, हे आमच्याकडे पोराला चालायच्या आधी शिकवतात. म्हणून त्या दिवसापासून कांद्याची प्रत्येक जुडी मी धुवायला म्हणून घ्यायचे आणि मावशीची पाठ वळली की हुंगायचे. मावशीही तिच्या परीने जपत होती. ती फक्त एज्रामामांकडून कांदे घ्यायची. एज्रा किंगफिशर, चौऱ्याऐंशी वर्षांचे, आमच्याच लांडगा कुळातले, म्हणून मावशीचे दादा आणि माझे मामा. त्यांनी आणलेला कांदा साठ वर्षांत चुकला नव्हता.

मार्चमधल्या त्या गुरुवारी माझी गाडी बराच वेळ सुरूच होईना. मी पोचले तेव्हा साडेनऊ वाजले होते. न्याहारी उरकली होती. पाहुणी कॅरिसा आणि तिची सहा वर्षांची मुलगी टिली, दोघी ओढ्यापलीकडच्या जुन्या दफनभूमीत पणजीची कबर शोधायला गेल्या होत्या.

"पोरीने दोनदा मागून घेतलं," मावशी खुशीत म्हणाली. "आणि तू आत्ता उगवतेस? मी म्हटलं वाटेत आपल्या गोष्टीतल्या लबाड सशाने अडवलं की काय तुला."

मी हसले आणि सवयीने कचऱ्याच्या बादलीपाशी गेले. वर देठं आणि मुळं पडली होती. एक चुरडलं, वास आला. दुसरं चुरडलं, आला. तिसऱ्याला नुसता गवताचा वास होता. चौथ्यालाही. मी गुडघ्यांवर बसून अख्खी बादली फरशीवर ओतली.

"काय गं, अंगठी हरवली का तुझी?"

"मावशी, याला वास नाही."

"असेल शिळा."

"मावशी, निम्म्यांना वास नाही!"

मावशी ओट्याला धरून उभी राहिली. तिचं तोंड असं पांढरं पडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मग तिने शेगडीवरच्या तव्यातलं उरलेलं सगळं वाटीत काढलं आणि उभ्याउभ्या चमच्याने खायला लागली. मला आधी समजलंच नाही ती काय करते आहे. समजलं तेव्हा मी तिचा हात धरला, पण वाटी रिकामी झाली होती.

"वेड लागलंय का तुला?" मी ओरडले. जन्मात पहिल्यांदा तिच्यावर ओरडले.

"माझ्या घरी पाहुण्यांच्या पोटात जे गेलं ते माझ्या पोटात नको?" ती म्हणाली. "गाडी काढ."

आता मला दोघींच्या जागी तिघींची भीती. कॅरिसाला फोन लावला, लागला नाही. ओढ्यापलीकडे कुणाचाच लागत नाही. विषाची माहिती देणाऱ्या केंद्राला लावला. तिथल्या बाईने शांतपणे सगळं विचारून घेतलं. म्हणाली, दोन्ही बायकांना आणि मुलीला ताबडतोब रुग्णालयात न्या, मुलीला लाळ सुटते का, उलटी होते का बघा, आणि ते झाड नेमकं कोणतं हे कळलं तर फार उपयोग होईल. कुठून खणलं ते विचारा.

हेच तर विचारता येत नाही. आमच्याकडे माणसाला त्याचा पगार विचारा, त्याची बायको का सोडून गेली ते विचारा, हसत सांगेल. त्याचा कांद्याचा माळ कुठे आहे ते विचारायचं नाही. माझ्या आजोबांनी तो आजीलाही सांगितला नव्हता.

एज्रामामांचं घर दफनभूमीच्या वाटेवरच. ते ओसरीवर बसले होते. मावशी गाडीतून उतरली आणि एरवीची ख्यालीखुशाली न विचारता म्हणाली, "दादा, कालचे कांदे कुठून खणलेत?"

मामांची मान ताठ झाली. "ओनीटा, तुझ्या आईने हे शिकवलं तुला?"

"कुठून खणलेत?"

"माझ्या जागेवरून."

"दादा, सहा वर्षांच्या पोरीने खाल्लेत. त्यात कांदा नसलेलं काहीतरी आहे."

मामा ओढ्याकडे बघू लागले. निदान मला वाटलं, बघताहेत. मग हळूच म्हणाले, "माझ्या जागेपर्यंत आता पाय जात नाहीत. चर्चमागच्या उतारावर खणले. हाताला लागले ते घेतले." काठी चाचपत म्हणाले, "मला दिसत नाही, ओनीटा. उजवा डोळा गेला, डावा चाललाय. आणि सर्दीने नाक चोंदलेलं. म्हटलं, तू तर हुंगून घेशीलच."

"मला वास येत नाही," मावशी म्हणाली. "दोन वर्षं झाली."

दोघं एकमेकांकडे तोंड करून राहिले आणि मला रडू फुटलं. मामांनी काठी घेतली आणि गाडीत येऊन बसले.

चर्चमागच्या उतारावर मी पालथी पडून माती उकरली. जागोजागी पांढरी, मध्ये पिवळी फुलं होती. ती कावळकांद्याची. माझा जीव जरा खाली बसला. मग फुलांच्या मधे जाड पातीची तीन झाडं दिसली, बिनफुलांची. चुरडलं, वास नाही. मरणकांदा उशिरा फुलतो. मी एक झाड मुळासकट उपटून पिशवीत घातलं, आणि घाईत मला जमेना ती पिशवीची गाठ मामांनी चाचपडत मारली.

दफनभूमीच्या फाटकातून मला कॅरिसा दिसली, एका दगडावरचं शेवाळ खरवडत होती. टिली तिच्या शेजारी गवतावर आडवी होती. हलत नव्हती. एकाहत्तर वर्षांची मावशी मला मागे टाकून धावली, पोरीशेजारी बसली आणि तिचा गाल थोपटला. टिलीने डोळे उघडले.

"झोपली होती," कॅरिसा हसून म्हणाली. "गाडीत एकदा उलटी झाली. तुमच्या रस्त्याने ढवळलं असणार तिला." मग तिने आमचे चेहरे पाहिले आणि तिचं हसू गेलं.

रुग्णालयाच्या वाटेवर टिलीला आणखी एकदा उलटी झाली. मागच्या सीटवर कॅरिसा तिला कवटाळून सारखं तिचं नाव घेत होती. मावशी पुढे माझ्या शेजारी, दोन्ही हात मांडीवर. मी तिच्या तोंडाकडे बघत होते, लाळ तर सुटत नाही ना, आणि रस्त्याकडे कमी बघत होते. "समोर बघ," ती म्हणाली. "विषाच्या आधी तूच मारशील आम्हाला."

तिथल्या डॉक्टरांनी टिली आणि मावशीला शेजारशेजारच्या खाटांवर घेतलं. कॅरिसाने दोनच घास खाल्ले होते, तरी तिलाही तपासलं. नाडी, रक्तदाब, दर पंधरा मिनिटांनी. मामा दाराशी खुर्चीत काठी धरून बसले होते आणि आमच्या भाषेत पुटपुटत होते. मी मनात एकच हिशेब करत होते, निम्म्यांत किती कावळकांदे आणि किती ते दुसरे. दुपारी दोन वाजता मावशीला घाम फुटला आणि रक्तदाब उतरला. मी भिंतीला टेकून खाली बसले. नर्स मला उचलायला आली तर मी तिलाच म्हणाले, "माझं सोडा, तिला बघा, तिला बघा." चार वाजता तो पुन्हा वर आला. पाच वाजता टिलीने चॉकलेटचं दूध मागितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्या झाडाचा एखाददुसराच गड्डा पोटात गेला असावा, आता धोका टळला.

तेव्हा कुठे कॅरिसा बोलली. "हे झालंच कसं? माझी एकुलती एक मुलगी आहे ती."

मावशी उठून बसली. "मला वास येत नाही, बाई. मी ते लपवलं. लोकांना कळलं तर माझ्या हातचं कोण खाणार, म्हणून. यात माझ्याखेरीज कुणाचा दोष नाही."

मामा खुर्चीतून म्हणाले, "माझा आहे."

कॅरिसाने टिलीला उचललं आणि दाराबाहेर गेली. तिचं बरोबरच होतं.

मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. न बोलता सुटले असते. पण त्या दिवशी इतकी घाबरून झाले होते की आणखी घाबरायला जागा उरली नव्हती. "मावशी, मला माहीत होतं," मी म्हणाले. "पहिल्या हिवाळ्यापासून. मी तुझ्या पाठीमागे कांदे हुंगत होते. आज उशीर झाला."

ती चिडेल असं मला वाटलं.

"दोन वर्षं मी बूट घालून झोपते, रोविना," ती म्हणाली. "घरात धूर झाला तर कळणार नाही, जिन्यावरून पाहुण्यांना उठवायला धावता यावं म्हणून. वाटायचं, हे जगात फक्त मला माहीत आहे. तुला माहीत होतं, तर मला एकटीला का घाबरू दिलंस गं?"