शुक्रवारची कडी

आमच्या कामतघरच्या गल्लीत शुक्रवारी कापडाचे लूम, म्हणजे यंत्रमाग, बंद असतात. बाकीचे दिवस त्यांच्या खडखडाटात शेजारणीची हाकही ऐकू येत नाही. शुक्रवारी मात्र पोरं नाक्यावर बसतात आणि त्यांचा शब्द न् शब्द घरात येतो. म्हणून शुक्रवारी आई मला बाहेर सोडत नसे. एम.ए.चे माझे शेवटचे दोन्ही पेपर नेमके शुक्रवारीच आले. पहिला गुन्हेगारीशास्त्राचा होता.

अभ्यास करताना मी आईला सिद्धांत सांगत बसायचे. गुन्हा संगतीत शिकला जातो, घरचे डोळ्यांवर कातडं ओढतात आणि पोराची भीड चेपते. आई भाजी निवडत म्हणाली, "येवढं कळाया कॉलेजात जावं लागतं व्हय? भावाला संगती ने, न्हायतर पेपर न्हाय."

धाकट्या भावाच्या पहाऱ्यात जायचं म्हणून मी चिडले. पण अडला हरी! आम्हाला पाहून नाक्यावरची पोरं गप्प झाली, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. भावाने मला रिक्षात बसवलं. "जा तू, टेन्शन नको घेऊ."

रिक्षा वळताना मागे पाहिलं. समोरून पिशवी छातीशी धरून एक मुलगी येत होती. माझा भाऊ हात पसरून तिची वाट अडवत होता. ती सरकेल तिकडे हा सरकत होता. तिच्या ओढणीचं टोक त्याच्या मुठीत होतं आणि पोरं हसत होती. मी रिक्षातूनच किंचाळले, "सोड तिला!" तो दचकला, ती पळाली.

पेपरात तरुणांमधल्या लैंगिक हिंसेची कारणं विचारली होती. संगत, बेकारी, मर्दपणाच्या खोट्या कल्पना, सगळं लिहिलं. लिहिताना त्याची मूठच दिसत होती. कुंपणच शेत खात होतं. आईला सांगितलं तर माझी सोबत जाणार, सोबतीबरोबर दुसरा पेपरही. न सांगितलं तर ती मुलगी त्याच वाटेने येत राहणार.

घरी येऊन सांगितलं.

"मस्करी होती गं," भाऊ म्हणाला.

आई माझ्याकडे वळली. "ऱ्हाऊ दे तो दुसरा पेपर. याच्यासंगती नको जाऊस, एकली बी नको."

"आणि हा?"

"पोरगा हाय तो. त्याला किती कोंडायचा?"

भाऊ चपला घालून नाक्यावर गेला. त्याच्यामागे आईने दाराला आतून कडी लावली.