वडिलांचा पुतळा आणि पेरूचे राघू

सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर साल असेल. वडिलांच्या छातीत पाणी झालं आणि डॉक्टरांनी बजावलं, महिनाभर अंथरूण सोडायचं नाही. वडील ऐकतात कसले! पंचवटीमागच्या मळ्यात आमचे पेरू धरले होते. "राघू समदी बाग फस्त करतील," म्हणत ते दोनदा खोकत खोकत तिकडे पळाले. आईने डोक्याला हात लावला.

शाळेत चित्रकलेच्या परीक्षेत मला 'अ' श्रेणी मिळालेली, त्यामुळे जगातलं काहीही आपल्याला जमतं अशी माझी खात्री होती. मी म्हटलं, राखणीला तुमचा पुतळाच बसवते. मोडक्या खाटेच्या लाकडांचा सांगाडा केला, सायकलच्या जुन्या ट्यूबांनी आवळला, वर गोणपाट गुंडाळलं. मग रद्दी भिजवून कुटली. टोपल्या लिंपायच्या लगद्यात आई चिकटपणासाठी मेथी वाटून घालायची, म्हणून मीही घातली. अर्धा डबा संपलेला पाहून तिने माझा उद्धार केला. पण वडिलांचं वाकडं नाक असं साधलं, की शेजारीण अंगणात आली आणि ते बसलेत असं वाटून पदर सावरत मागे फिरली.

वडिलांचंच धोतर नि टोपी घालून पुतळा त्यांच्या नेहमीच्या जागी, कोपऱ्यातल्या पेरूखाली बसवला. येणारे-जाणारे त्याला रामराम घालू लागले. माझे पाय काही जमिनीवर नव्हते.

तिसऱ्या दिवशी आई नि मी बघायला गेलो. टोपीवर एक राघू, खांद्यांवर दोन, मांडीवर एक, आणि झाडावर तर जत्राच. आई कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"म्हंजी इतकी वर्सं राखण नव्हती चालली," ती म्हणाली, "पंगत चालली व्हती!"

घरी तिने जाब विचारला. वडिलांनी भिंतीकडे तोंड केलं. "कोपऱ्यातलं येकच झाड देतो त्यांना. बाकीचं राखतो की." मग हळूच, "आता मी नाय, तर त्यांना कोन इचारनार?"

म्हणजे खोकत पळायचे ते यासाठी! मला हसू आलं आणि रडूही.

दुसऱ्या दिवशी आईने पुतळा बागेच्या मधोमध ओढून नेला, त्याला आपलं जुनं लुगडं नेसवलं, हातात काठी बांधली. राघू भुर्र उडाले. माझ्या कलेपेक्षा आईचं लुगडं भारी ठरलं, हे मला बरेच दिवस लागलं होतं.

संध्याकाळी वडिलांनी चाचरत विचारलं, "कोपऱ्यातलं झाड?"

"पुतळ्याची पाठ हाय तिकडं," आई भाकरी थापता थापता म्हणाली.

वडील आडवे झाले. मग महिनाभर काही उठले नाहीत.